राजाला दिलेला आवाज

१९ सप्टेंबर, शुक्रवार

इंग्रजांचा राजा आज वर्गात एकदम हिट!

तृतीय वर्षाला इतिहासावरचे सिनेमे हा एक भाग आहे, त्यातलाच हा. नव्वद वर्षांपूर्वीचा, काळापांढरा. सहा लग्नं करणाऱ्या राजाचा. दोघींना सोडलं, दोघींची मुंडकी उडवली, एक बाळंतपणात गेली आणि एक शेवटपर्यंत उरली. पोरांनी लगेच मोबाइल काढले. त्यांना ते इंग्रजी कळेना. खरं तर मलाही निम्मंच कळतं. मग मी आवाज बंद केला आणि स्वतःच बोलायला लागले, मराठीत! राजा मी, राणी मी, मुंडकं उडवणाराही मीच. शेजारचा कॉमर्सचा वर्ग खिडकीत येऊन उभा राहिला.

तासिकेवर शिकवणाऱ्या कुणाली मॅडम आहेत, हेच निम्म्या कॉलेजला आज कळलं.

घरी येऊन हरेशला सांगितलं. माझा चुलतभाऊ. टोकावड्यातल्या आमच्या नवरात्र मंडळाचा सगळा कारभार तोच बघतो. मंडळाने यंदा प्रोजेक्टर घेतलाय, तो नुसता पडून. लगेच म्हणाला, "आपल्या देवळापुढं दाव ना. पन मराठीत तूच बोलायचं."

मी हो म्हटलं. लगेच. विचार न करता.

२१ सप्टेंबर, रविवार

राजाला आवाज मिळत नव्हता. आधी बातम्या देणाऱ्याचा करून बघितला. बेचव. मग नाटकातल्या पाटलाचा. तोही शिळा. हरेश जांभया द्यायला लागला.

तेवढ्यात दोन घरं सोडून धाकलूकाका शेळीवर ओरडला. "नाय म्हंजे नायच!" नाकातून येणारा, शेवटी वर चढणारा आवाज. मी आणि हरेश एकमेकांकडे बघतच राहिलो.

पडद्यावरचा राजा लंगडतो. काकाही लंगडतो, आंब्यावरून पडल्यापासून. राजाची सहा लग्नं, काकाची चार! गावात यावरून त्याची कायम मस्करी चालते आणि तोही हसतो. मी राजाचं एक वाक्य काकाच्या आवाजात म्हटलं. हरेश खाटेवरून खालीच आला हसता हसता.

आई आतून म्हणाली, "जित्या मानसाचा आवाज काढू नये गो."

आईचं काहीतरी असतंच.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी अख्खं गाव हसवलं.

पाऊस थांबला होता पण चिखल इतका की गरबा होणारच नव्हता. त्यामुळे आरतीनंतर सगळे सभामंडपात बसले. वाड्यांवरचीही माणसं आली होती. खांबांना चादर बांधलेली. मी बाजूला खुर्चीवर, हातात माइक.

राजा लंगडत आला. मी म्हटलं, "नाय म्हंजे नायच! मला दुसरी बायको पायजे!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी ओरडलं, "धाकलू! ह्यो तं धाकलू!" आणि हसण्याचा नुसता लोट उसळला. काका पुढेच बसला होता. सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता, मांडीवर थापा मारून. शकूकाकी, त्याची आत्ताची बायको, तिने पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, ते दिसलं नाही.

मला काही सुचतच नव्हतं आणि सगळं सुचत होतं! राणीने रुसायचं आणि मी म्हणायचं, "रुस. वैशाखऱ्याच्या बाजारात दुसरी मिलंल." टाळ्या. माइक हातात असताना माणसाला काय होतं, मला आज कळलं.

आता हे लिहायचं की नाही? लिहिते.

तिसरी राणी बाळंत होते. पाळण्यात पोर आणि राणी मरून पडलेली. राजा पाठमोरा उभा. सिनेमात तिथे कुणी बोलत नाही. मलाही गप्प बसता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही काय बोलते म्हणून. आणि मी काकाच्या आवाजात म्हटलं, "चला, पुढची आना!"

सगळ्यात मोठा हशा तिथे झाला.

मागच्या खांबाशी रविना उभी होती. काकाची मुलगी. पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. तिची आई सकूबाई तिला जन्म देताना गेली. हे मला माहीत नाही का? मला माहीत आहे!

रविना चपला न घालताच निघून गेली. मी ते बघितलं.

आणि पुढे बोलत राहिले. सिनेमा संपेपर्यंत.

२७ सप्टेंबर, शनिवार

हरेशने सिनेमाचा तुकडा मोबाइलवर घेऊन गावाच्या ग्रुपवर टाकला. नेमका तोच तुकडा. सकाळपासून हसरी तोंडं येताहेत. कॉलेजातल्या एका मॅडमचासुद्धा फोन, "काय गं, छुपी रुस्तम!"

रविनाला तीनदा फोन केला. उचलत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

काका दुधाची किटली घेऊन रस्त्याने चालला होता. शाळेतली पोरं मागून, "चला, पुढची आना!"

काकाने हात वर करून त्यांना दाखवला. हसला. मी खिडकीतून मागे सरले.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज गेले त्यांच्याकडे. माफी मागायला.

काका ओटीवर दोर वळत बसला होता. मला बघून म्हणाला, "ये गो राजाबाय! बराबर काढलास माजा आवाज. मला वाटलं मीच बोलतोय." मी उभीच. त्याने बसायला पोतं सरकवलं.

रागावला असता तर सोपं होतं.

रविना कामावर गेली होती. मुरबाडला एमआयडीसीत पॅकिंगला जाते ती. शकूकाकी चुलीशी भाकऱ्या थापत होती. काका शेळी बांधायला उठला तशी काकी बोलली. माझ्याकडे न बघता, भाकरी फिरवत.

"पयली बारकी. सिद्धगडाखालची. दुसऱ्या पावसाल्यात ताप डोक्यात गेला, नदीला पूर, पूल पान्याखाली. गेली. मंग सकूबाई. ती जीपमदी गेली, मुरबाडच्या अलीकडं. पोर तेवढी वाचली. मंग सकूबाईची धाकटी भन रंजिता, पोरीला कोन बघनार म्हनून तिलाच दिली. ती चौथ्या वर्साला घाटापल्याड गेली, एका ड्रायवरमागं. मंग मी. पाट लावून आली. मला बी पयल्यानं टाकलेली." भाकरी टोपलीत टाकली. "मी ह्यातल्या कोनालाच बघितलं नाय. पन रोज ऐकते. मानूस झोपंत नावं घेतो."

मी विचारलं, "काकी, तुम्हाला राग आला?"

"चहा पी. निवतोय."

प्यायले. वैशाखऱ्याहून रविनाला बघून गेलेत, होकार यायचा आहे, एवढं एक काकीने जाता जाता सांगितलं. "तेवडं होऊ दे देवाच्या मनात."

माफीचं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. घरी येऊन तोंड धुतलं. आईने विचारलं, "बोललीस?" मी म्हटलं, "हो."

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला रविनासमोर हात केला. तिने माझ्या मागे उभ्या असलेल्या आईच्या हातातली पानं घेतली, आईच्या पाया पडली आणि गेली. माझ्या हातातलं आपट्याचं पान घामाने ओलं झालं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

मोडलं. वैशाखऱ्याचा नकार आला.

काकाने स्वतः ओटीवर बसून चार माणसांत सांगितलं, "माज्या लग्नांपायी मोडलं. बाप असला, घर नको म्हनाले." एवढं बोलून आत गेला.

त्याआधी सकाळीच, मी नळावर पाणी भरत असताना रविना तिथे हरेशला भिडली. सगळ्या बायकांसमोर. "तुज्या त्या व्हिडिओनं मोडलं माजं! तेंच्या घरात पोचला तो! आता हसा! टाळ्या वाजवा!" तिचा आवाज फाटत होता. हरेश मान खाली घालून उभा. "चुकलं गो," एवढंच म्हणत राहिला.

मी तीन हातांवर होते. कळशी भरून वाहत होती. नळ बंद करायलासुद्धा मला हात उचलता येईना. रविनाने माझ्याकडे बघितलंही नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. एकदा वाटलं, आता म्हणावं: व्हिडिओ त्याचा असेल, तोंड माझं होतं.

नाही म्हटलं.

जाताना हरेशने एकदा वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बघितलं फक्त.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वैशाखऱ्याला जाऊन आले. आईला सांगितलं, कॉलेजात मीटिंग आहे.

एसटीत पूर्ण वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. मी बिघडवलं तर मीच नीट करीन, असं डोक्यात. हर्षित, म्हणजे तो मुलगा, कामावर गेला होता. त्याची आई दारात केरसुणी बांधत बसली होती. जाड भिंगांचा चष्मा, शांत बाई. मी सांगितलं, मी धाकलूकाकांच्या शेजारची, तो आवाज मीच काढला होता.

"बस. पानी पी आदी."

बसले नाही. भडाभडा बोलत सुटले. काका देवमाणूस आहे. रविनासारखी मुलगी शोधून मिळायची नाही. व्हिडिओ म्हणजे माझा मूर्खपणा, त्यावरून घर पारखू नका. तिने मध्ये काही बोलायला तोंड उघडलं, तर मी बोलूच दिलं नाही! म्हटलं, "चारही बायकांवर काकांनी कधी हात उगारला नाही. चारही वेळा त्यांचा काय दोष—"

तिचा हात थांबला. "चार?"

तिने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"आमाला तं दोन सांगितलेल्या. सकूबाई आनि आताची."

व्हिडिओत कुणी आकडा बोललं नव्हतं. हसले ते गावचे, ओळखणारे. बाहेरच्याला काय ठाऊक? काकाच्या घरच्यांनी बारकी आणि रंजिता झाकून ठेवल्या होत्या आणि मी, काकाची बाजू घ्यायला आलेली, दोघींना उचलून यांच्या अंगणात आणून बसवलं. उद्या यांचं मन वळणार होतं तरी आता कसं वळेल?

ती मग केरसुणीची गाठ आवळत म्हणाली, "आमचं काय ते धाकलूदादांशी बोलून झालंय. तू मदी नको पडू, बाय. घरी जा."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. टोकावड्याला उतरायचं विसरले. पुढच्या थांब्यावर उतरून भातांच्या बांधाबांधाने चालत आले.

८ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेजला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. खोट्यावर खोटं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मंडळाची बैठक झाली. हरेशकडून कारभार काढून घेतला. प्रोजेक्टरची चावीसुद्धा. सावळारामआजोबा अध्यक्ष, ते म्हणाले, "गावची पोर नांदायला जायची व्हती. तू तिची वाट अडवलीस." हरेशने सगळ्यांसमोर काकाचे पाय धरले. व्हिडिओ कधीच काढून टाकला होता त्याने. पण इतक्या लोकांच्या मोबाइलवर गेलेला, तो परत कसा येणार!

माझं नाव कुणी काढलं नाही. एकानेही नाही. आवाज माझा होता हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी नाही. मी मास्तरीण. मी मुरबाडला पर्स घेऊन जाते.

संध्याकाळी हरेशला अंगणात गाठलं. म्हटलं, "मीच सांगते सगळ्यांना. माझंच होतं ते सगळं."

"काय सांगशील? राहू दे ना. तुजी नोकरी अजून पक्की नाय. माजं काय, मी रिक्षा चालवतो. लोकं आठ दिस बोलतील नि विसरतील."

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे पण खरं आहे. त्या क्षणी मला बरं वाटलं.

वैशाखऱ्याचं तर मी त्यालाही सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

काका आता नाक्यावर चहाला जात नाही. भात एकटाच कापतो. पोरं चिडवायची थांबलीत. त्याला बघितलं की गप्पच होतात. हे जास्त वाईट. पूर्वी कुठेही काका आला की माणसं हसायची, तोही हसायचा. आता तो आला की सगळ्यांना काहीतरी काम आठवतं.

शकूकाकीने पाडव्याला त्याला ओवाळलं. आमच्या ओट्यावरून दिसलं. तो ताठ बसला होता, लहान मुलासारखा.

मी त्याचा आवाज घेतला आणि त्याचं बोलणंच बंद झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लावलं. आता गावात खऱ्या लग्नांच्या सुपाऱ्या फुटतील. बायका मंगलाष्टकं म्हणत होत्या. रविना एकटी त्यांच्या ओटीवर उभी होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा आत निघून गेली.

अजून किती दिवस लपायचं मी? एक महिना हरेश माझ्या वाटचे बोल खातोय.

सावळारामआजोबांकडे गेले. म्हटलं, त्रिपुरी पौर्णिमेला तो सिनेमा परत दाखवायचा आहे. ते म्हणाले, "अजून हौस फिटली नाय?" मी म्हटलं, "मला माइकवरून माफी मागायची आहे. ज्या माइकवर चूक केली त्याच माइकवर." ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. चावी दिली.

आईला सगळं सांगितलं, वैशाखऱ्यासकट. तिने भांडी घासणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी म्हनलेलं ना, जित्या मानसाचा... जाऊ दे. निळी साडी नेस. उभं राहायचंय तर नीट उभी राहा."

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

मंडपातून आत्ताच आले, घाईत लिहितेय. अक्षर वाकडं येईल.

दिवे लावून झाल्यावर लोक जमले. गेल्या वेळेपेक्षा कमी. काका आला. शकूकाकीने आणला असावा, सर्वांत मागे बसला. रविना दिसली नाही.

मी माइक घेतला. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "त्या दिवशी राजाच्या तोंडी मी धाकलूकाकांचा आवाज घातला. कुणाला न विचारता. बाळंतपणात गेलेल्या बाईवर विनोद केला. व्हिडिओ हरेशने काढला पण बोलले मी. शिक्षा त्याला झाली, मी गप्प बसले." कुणीतरी खोकलं. "आणि अजून एक. वैशाखऱ्याला त्यांना दोनच लग्नं माहीत होती. मी परस्पर तिकडे गेले आणि चार म्हणून सांगून आले. काका, मला माफ करा. रविना असेल तर तिनेही."

कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, "वैशाखऱ्याला कोन पाठवलेलं हिला?"

मागून काका उठला. लंगडत, माणसांतून वाट काढत पुढे आला. माझ्या हातातून माइक घेतला. त्याला तो कसा धरायचा कळेना, भोपळ्यासारखा दोन्ही हातांत धरला.

"पिक्चर चालू कर," म्हणाला.

मी हरेशकडे बघितलं. त्याने चालू केला. आवाज बंद.

राजा आला, पहिली राणी आली. काका म्हणाला, "ही पयली ना गो? माजी पयली बारकी. ही पोर खोटं बोलली नाय, चारच हायेत माज्या. नावं ऐका तेंची. बारकी हसताना तोंडावर हात धरायची. दात पुडं व्हते म्हनून. मला आवडायचे."

एकदोघं हसले, हळू. तो थांबला, ते थांबल्यावर पुढे बोलला. दुसऱ्या राणीला म्हणाला, "हिचं मुंडकं उडवलं राजानं. असला कसला राजा! बायको मिळंना झाली म्हंजे कळलं असतं."

आता सगळे हसले. पण हे हसणं वेगळं होतं. त्याच्या बाजूचं.

मग तिसरी आली. पाळणा, आणि ती राणी पलंगावर. काका म्हणाला, "ही सकूबाई."

आणि गप्प बसला. दोन्ही हातांत माइक, तोंड पडद्याकडे. राजा पाठमोरा, काकाही आम्हाला पाठमोरा. ते दृश्य संपेपर्यंत मंडपात कुणी हललं नाही. माझी आई डोळे पुसत होती. सावळारामआजोबांनी टोपी काढली होती.

चौथीला त्याने घसा साफ केला. "रंजिता. तुमी म्हनता पळाली. पळाली नाय. सकूबाईची भन, पोर सांभाळाया आलेली, तिला कोनी इचारलं का तुला ह्यो नवरा पायजे का? तिचं मन दुसरीकडं व्हतं. मीच तिला यष्टीत बसवून दिली. तुमी हसलात, मी हसू दिलं. तिला बोल लागन्यापेक्षा मला लागलेला बरा."

पाचव्या राणीला बघून त्याने हात झटकला. "ही राजाची. माजी नाय." शेवटची, राजाला म्हातारपणी सांभाळणारी राणी आली तेव्हा म्हणाला, "आनि ही शकू. ती बगा, थितं बसलीय. डोक्यावर पदर घेतलाय, तीच. आता उशीर झाला म्हनून मला शिव्या देनार."

"देनारच!" शकूकाकी तिथून ओरडली.

सगळा मंडप हसला आणि काकाही. माइक माझ्या हातात देताना म्हणाला, "झालं तुजं? आता रडू नको. नाक वाजतंय माइकमदी."

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाण्यावर रविना. तिने काल मागच्या बाजूने, देवळाच्या भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. म्हणे, "बाप असा बोलतो हे मला आत्ता कळलं." मग, "तू वैशाखऱ्याला मरायला कशाला गेलीस?"

"नीट करायला."

"केलंस!"

मग ती कळशी उचलताना म्हणाली, "तुला माफ नाय केलं. बापानं केलं असंल. मी नाय. पन उद्या ये, कंपनीची गाडी चुकते माजी, हरेशच्या रिक्षात दोघी जाऊ मुरबाडपर्यंत."

हरेशला परत कारभार दिलाय. तो नको म्हणत होता, बळेच दिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मुरबाडच्या बाजारात हर्षितची आई भेटली. मला ओळखून बाजूला घेतलं. माइकवर मी काय बोलले ते वैशाखऱ्यापर्यंत पोचलंय. म्हणाली, "उगा डोक्याला लावून घेऊ नको गो. तुज्यापायी नाय मोडलं. आमी तं घट बसायच्या आदल्या दिशी नाय कळवलेलं. पोरीच्या घोट्यावर पांढरा डाग हाय ना, रुपयाएवडा? आमचे दीर नको म्हनले. फोनवर धाकलूदादा रडले. म्हनले, पोरीला डागाचं कळवू नका, ती जन्मभर पाय झाकत फिरंल. दसऱ्यानंतर सांगीन मीच. माज्या लग्नांवर घालीन."

घट बसायच्या आदल्या दिवशी. मी माइक हातात घेतला त्याच्या आधी.

परत येताना रिक्षात रविना शेजारी. पाय पुढे पसरून, पैंजण वाजवत. मला कोपर मारून म्हणाली, "तुज्यामुळं मोडलं माजं. नाय तं आता हळद लागली असती."

मी म्हटलं, "हो गं. माझ्यामुळंच."